पीएच.डी.च्या पुढची पायरी

नांदेड-लातूरकडची मुलं आमच्याकडे येतात. हातात पीएच.डी., विषय रसायनशास्त्र नाहीतर सूक्ष्मजीवशास्त्र. विचारतात, "सर, विद्यापीठात पोस्ट-डॉकची जाहिरात कधी निघते?" आम्ही तत्त्वज्ञानाचे, तरी या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इतिहासातच सापडतं.

निजामाच्या राज्यात आपलं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८चं, शिकवणं उर्दूतून. १९४८ला आपण मुक्त झालो. १९५०ला नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, १९५८ला औरंगाबादला विद्यापीठ झालं, आणि त्यातून १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिदिनीच, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. लातूर त्याच्याच कक्षेत. यातली एकेक पायरी आपण मागून, भांडून घेतली. पण पीएच.डी.च्या पुढच्या पायरीसाठी कुणी निवेदनसुद्धा दिल्याचं आमच्या ऐकिवात नाही. का? तर तिथं पदवी मिळत नाही. पदवी संपली की नोकरी, एवढाच हिशेब आपण केला. दोन-तीन वर्षं नुसतं संशोधन करायचं, शिकवायचंही नाही, ही गोष्ट घरी समजावून सांगणं अवघड!

वैद्यकाचं त्याहून विचित्र. विष्णुपुरीला विद्यापीठ आहे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीलाच. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं, राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडली गेली. कारभाराच्या दृष्टीनं ते ठीकही असेल. पण रुग्ण आणि नमुने एका विद्यापीठाकडे, जीवशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्याकडे, आणि मधे फक्त रस्ता. लातूरचं वैद्यकीय महाविद्यालयही नाशिकलाच जोडलेलं.

तेव्हा जाहिरातीची वाट बघू नका, असं आम्ही सांगतो. ही जागा बहुधा विद्यापीठ काढत नाही. पैसा माणसामागं येतो. यूजीसीची डॉ. डी. एस. कोठारी फेलोशिप तशीच होती. सर्बची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपही तशीच होती: दोन वर्षं, तेव्हा महिना ५५,००० रुपये. २०२३च्या कायद्यानं सर्बची जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननं घेतली आहे. यात आधी मार्गदर्शक शोधायचा. त्याचे शोधनिबंध वाचायचे आणि त्याला पत्र लिहायचं: तुमचं अमुक काम वाचलं, त्यात मला हे करता येईल. "मला जागा द्या" एवढंच पत्र कुणी वाचत नाही. मार्गदर्शक कायम नोकरीतला हवा. तो पुण्याचाच हवा असं कुठं लिहिलंय? विष्णुपुरीचा चालतो. वैद्यकीय महाविद्यालयातला एखादा डॉक्टर सोबत घेतला तर तो मधला रस्ता ओलांडता येतो.

अडचण वयाची आहे. सर्बच्या योजनेत मर्यादा पस्तिशीची होती. मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट होती. आमच्याकडे येतात ती मुलं बहुतेक चौतिशीची, कारण मधली चार-पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेलेली असतात.