बोटभर जीप

मुंबईच्या चोरबाजारात एका दुकानात पितळेची घंगाळं आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या मधोमध एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात जुन्या खेळण्यांचा ढीग. चाळता चाळता हाताला एक गार, लहानशी पण चांगली वजनदार वस्तू लागली. बाहेर काढली तर जीप निघाली. बोटभर लांबीची, लष्करी हिरव्या रंगाची, मागे तोफ बसवलेली. रंगाचे टवके उडालेले, तोफेची नळी अर्धी तुटलेली. दुकानदार म्हणाला, ‘‘साहब, ये टूटी हुई है, दूसरी दिखाता हूं.’’ मी म्हटलं, ‘‘यही चाहिए.’’ भावात घासाघीस करायचंही भान राहिलं नाही.

गेली काही वर्षं मला जुन्या धातूच्या मोटारी जमवायचा नाद आहे. घरच्यांच्या मते हे वय नातवंडांना खेळणी आणून देण्याचं आहे, स्वतःसाठी आणण्याचं नाही. पण या छंदाचंही एक शास्त्र आहे. खेळणं मूळ खोक्यासकट, कुणाचाही हात न लागलेलं मिळालं तर त्याला सर्वांत जास्त किंमत. टवका उडाला की किंमत उतरली आणि तो झाकायला नवा रंग दिला की आणखी उतरली. म्हणजे ज्या खेळण्याशी कुणी खेळलंच नाही, ते सर्वांत मोलाचं! त्या हिशेबानं माझी जीप कवडीमोलाची. तरीही ती घरी आणली, कारण अगदी तशीच जीप माझ्याकडे लहानपणी होती.

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठचं. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस तरी बोटीवर असे. माझे मामूही खलाशी होते. 1974 साली ते रजेवर आले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यांनी ट्रंक उघडली, साबणाच्या वड्या आणि कापडाचे तागे बाजूला केले आणि रुमालात गुंडाळलेली ती जीप माझ्या हातावर ठेवली. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात घेतली म्हणाले. तळाला ‘मेड इन फ्रान्स’ असं कोरलेलं होतं. ते मला वाचता येत नव्हतं, पण त्यावरून बोट फिरवायला फार आवडायचं.

ही खेळणी ‘डिंकी टॉइज’ची. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचा कल्पक माणूस होता. नटबोल्ट आणि भोकाभोकांच्या पट्ट्या जोडून यंत्रं उभारायचा त्याचा मेकॅनो संच जगभर गेला. त्याच्याच कंपनीनं 1934 पासून ‘डिंकी टॉइज’ या नावानं ओतीव धातूच्या छोट्या मोटारी विकायला सुरुवात केली. पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथे तिची फ्रेंच शाखा होती. तोफवाल्या जीपचा तिच्या यादीतला क्रमांक 829, आणि ती बाजारात आली 1964 साली. लिव्हरपूलचा मूळ कारखाना 1979 साली बंद पडला. तोवर कितीतरी देशांतल्या मुलांच्या खिशांत या मोटारी जाऊन बसल्या होत्या.

आता आमच्या खेळाविषयी. 1971 चं युद्ध होऊन फार दिवस झालेले नव्हते. वाडीतली पोरं रोज संध्याकाळी वाळूत लढाई लावायची. नारळाच्या करवंट्या पालथ्या घातल्या की ते पॅटन रणगाडे. काडेपेट्या म्हणजे ट्रक. दोन बाजू पडायच्या आणि पाकिस्तान कुणी व्हायचं हा प्रश्न कधी पडायचाच नाही. ‘‘तू हो रे,’’ असं मला सांगितलं जायचं आणि मी व्हायचो. त्यात कुणाचा आकस नव्हता. खरंच नव्हता. ज्याच्या अंगणात खेळ, तो पंच, तशातलाच तो एक नियम होता. त्याच पोरांच्या घरी मी गणपतीत मोदक खायचो आणि ती ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याच्या वाट्या चाटूनपुसून रिकाम्या करायची.

जीप आली आणि पेच पडला. एवढी देखणी लष्करी गाडी पाकिस्तानकडे कशी राहील? पोरांनी विचार करून निकाल दिला, जीप हिंदुस्थानची. म्हणजे मामूंनी मला आणलेली जीप समोरच्याच्या हातात, आणि ती माझ्याच करवंट्या उलथवतेय! चार-पाच दिवस हे मी सोसलं. रात्री जीप उशाशी घेऊन झोपायचो, संध्याकाळी शत्रूच्या स्वाधीन करायचो.

सुटका केली गुरुजींनी. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्यांनी अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातलं धामूपूर हे त्यांचं गाव. वडील शिंपीकाम करायचे. हमीद फौजेत गेले आणि चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीत क्वार्टरमास्टर हवालदार झाले. म्हणजे काम खरं तर सामानसुमानाचं. पण रणगाडाविरोधी तोफेचा अनुभव गाठीशी होता, म्हणून 1965 च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ त्यांच्याकडे तोफा बसवलेल्या जीपगाड्या सोपवल्या गेल्या. असल उत्तर नावाच्या गावाजवळ, उसाच्या शेतांच्या आडोशानं, ते पॅटन रणगाडे जवळ येऊ देत आणि टिपत. 10 सप्टेंबरला एका रणगाड्याशी समोरासमोर गाठ पडली आणि त्यात ते गेले. वय अवघं बत्तीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

गोष्टीतल्या बाकी कशाहीपेक्षा माझ्या कानात एकच शब्द शिरला. जीप! तोफवाली जीप!

त्या संध्याकाळी मी वाळूत छाती काढून उभा राहिलो. ‘‘आजपासून मी अब्दुल हमीद.’’ पोरांनी एका क्षणात मान्य केलं. गोष्ट त्यांनीही ऐकली होती आणि त्यांनाही ती आवडली होती. पाकिस्तान व्हायची पाळी आता आळीपाळीनं इतरांवर येऊ लागली. जीप माझी, बाजूही माझी. फक्त एक अट होती. शेवटी मला मरावं लागे. अब्दुल हमीद मेले, म्हणजे मीही मेलो पाहिजे. मी रोज सूर्य मावळायच्या सुमाराला वाळूत कोसळायचो, पोरं सलाम ठोकायची आणि अम्मीची हाक आली की उठून जेवायला पळायचो.

पुढे एका पावसाळ्यात भरतीच्या पाण्यात ती जीप वाहून गेली. खेळही संपला.

नवी जीप घरी आणल्यावर मी तिच्याविषयी वाचायला लागलो. मोठेपणी वाचताना लहानपणी न दिसलेलं दिसतं. हिच्यावरची तोफ 106 मिलिमीटरची म्हणून ओळखली जाते, तिची खरी नळी मात्र 105 ची. आधीच्या तोफेच्या गोळ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून नाव तेवढं बदललं. एरवी एवढ्या तोफेच्या धक्क्यानं जीप उलटीच होईल. पण या तोफेत बाराचा जोर मागच्या बाजूनं मोकळा सुटतो, म्हणून धक्का बसत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. मागे ज्वाळेचा लोट उठतो, धूळ उसळते आणि गाडी कुठे उभी आहे ते शत्रूला कळतं. जीपला चिलखत नाही, साधा पत्राही नाही. गोळा टाकायचा आणि लगेच जागा सोडायची, एवढाच बचाव. आमच्या वाळूत ना ज्वाळा होती, ना धूळ. मी एकाच जागी बसून दहा करवंट्या उडवायचो.

आणखी एक गोष्ट कळली. आपल्याकडे विलिस जीपगाड्यांची जुळणी मुंबईत माझगावला सुरू केली ती महिंद्र कंपनीनं. 1945 साली स्थापना झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ असं होतं. फाळणी झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. एक मोहम्मद गेले. धामूपूरच्या शिंप्याचं घर मात्र जिथल्या तिथे राहिलं आणि त्या घरातला मुलगा सतरा-अठरा वर्षांनी तोफेच्या जीपवर बसला. आमचं खाडीकाठचं घरही जिथल्या तिथेच राहिलं होतं. त्याबद्दल कुणी कधी गोष्ट सांगितली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, लहान पोरांच्या खेळाचं काय एवढं मनावर घ्यायचं! मीही घेत नव्हतो. पण तुटक्या नळीची ती जीप टेबलावर ठेवून बघत बसलो असताना एक प्रश्न मनात आला. माझे सोबती हिंदुस्थानच्या बाजूला नुसते उभे राहायचे. त्यांना कुणी व्हावं लागत नसे. मला मात्र त्या बाजूला जायला परमवीरचक्र विजेता व्हावं लागलं, आणि रोज मरावं लागलं. हमीद यांच्याविषयी माझ्या मनात तेव्हा होता तेवढाच आदर आजही आहे, किंबहुना जास्त. म्हणूनच वाटतं, मी त्यांना ओळखपत्रासारखं वापरलं. ते काही माझा दाखला काढायला गेले नव्हते. आपल्या पलटणीसोबत आपलं काम करायला गेले होते.

आणि ते उठून जेवायला घरी गेले नाहीत. 26 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून ते पदक घेतलं त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी. त्यानंतर त्या 2019 सालापर्यंत जगल्या. अर्ध्या शतकाहून अधिक काळ. आमच्या खेळात त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

सन 2000 मध्ये टपाल खात्यानं हमीद यांच्यावर तीन रुपयांचं तिकीट काढलं. त्यावर त्यांच्या चेहऱ्याशेजारी ती तोफेची जीपही आहे. ते तिकीट माझ्याकडे आहे. नवी जीप आणली तेव्हा आधी वाटलं, तिच्यामागे हे तिकीट उभं करून ठेवावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. एक दिवस तसं ठेवलंही. मग काढून पुन्हा वहीत ठेवलं.

जीप आता कपाटात, एक दुधाची गाडी आणि एक लाल बस यांच्या मधे उभी आहे. नळी मी दुरुस्त केलेली नाही. परवा धाकट्या बहिणीचा नातू आला होता. त्यानं कपाटातून नेमकी तीच उचलली, तिच्यात शेंगदाणे भरले आणि गादीवरून उशीपर्यंत नेऊन पोचवले. ती कुणाच्या बाजूची, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.