शशिकला (अभिनेत्री)

शशिकला (४ ऑगस्ट १९३२, सोलापूर – ४ एप्रिल २०२१, मुंबई) या हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री होत. माहेरचे आडनाव जवळकर. विवाहानंतर शशिकला सैगल. कव्वालीच्या घोळक्यातील एक मुलगी म्हणून १९४५ साली त्या प्रथम पडद्यावर दिसल्या. त्यानंतरच्या साठ वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांत लहानमोठ्या भूमिका केल्या. 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार लागोपाठ दोन वर्षे मिळाला. भारत सरकारने २००७ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

बालपण

शशिकला यांचा जन्म सोलापुरातील एका मराठी भाषक भावसार क्षत्रिय कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. घरी एकूण सहा भावंडे होती. गणेशोत्सवात त्या काळी मुलामुलींचे मेळे निघत. त्यांत पदे, संवाद आणि नाच असे. रीतसर शिक्षण देणारी नाट्यसंस्था नसलेल्या गावांत असा मेळा हीच अभिनयाची शाळा होती. शशिकला लहान वयातच सोलापूर जिल्ह्यातील गावोगावी मेळ्यांतून नाचू-गाऊ लागल्या. पुढे वडिलांचा धंदा बुडाला आणि घर उघड्यावर पडले. मुलगी दिसायला चांगली आहे, नाचते-गाते, तेव्हा चित्रपटांत काम मिळेल, या आशेने सगळे कुटुंब मुंबईस आले.

काम लगेच मिळाले नाही. स्टुडिओंचे उंबरठे झिजवीत असतानाच शशिकला यांना लोकांच्या घरी धुणीभांड्याची कामे करावी लागली. प्रसिद्धीनंतरही त्यांनी ही गोष्ट लपविली नाही.

'झीनत' आणि फाळणी

त्या काळातील आघाडीची गायिका-अभिनेत्री नूरजहाँ हिच्या नजरेस ही मुलगी पडली. नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी तेव्हा 'झीनत' (१९४५) या चित्रपटाचे दिग्दर्शन करीत होते. शशिकला यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, नूरजहाँच्या मुलीची भूमिका त्यांना द्यावी असा विचार प्रथम झाला होता. परंतु सोलापूरच्या मराठी वळणाच्या जिभेला उर्दू संवाद पेलवेनात. ती भूमिका गेली आणि त्याऐवजी एका कव्वालीत इतर मुलींसह बसण्याचे काम मिळाले. मोबदला होता २५ रुपये.

ही कव्वाली मात्र साधी नव्हती. नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी गायिलेली ही रचना भारतीय चित्रपटांतील स्त्रियांच्या आवाजातील पहिली कव्वाली म्हणून ओळखली जाते. तोवर कव्वाली हा पुरुषांचा प्रांत समजला जात असे. पुढे नायिका म्हणून नाव कमावलेल्या श्यामा याही त्याच दृश्यात आहेत. चित्रपटाच्या इतिहासात अशा जागा अनेक सापडतात: ज्यांची नावे श्रेयनामावलीत शोधावी लागतात, त्यांचे चेहरे मात्र गाण्यामुळे टिकून राहतात.

रिझवी यांनी 'जुगनू' (१९४७) या दिलीपकुमार-नूरजहाँच्या चित्रपटातही शशिकला यांना काम दिले. येथून पायरी पायरीने वर जाता येईल असे वाटत असतानाच देशाची फाळणी झाली. रिझवी आणि नूरजहाँ पाकिस्तानात गेले आणि पंधरा वर्षांच्या या मुलीचा चित्रपटसृष्टीतील एकमेव आधार तुटला. मुंबईच्या चित्रपट व्यवसायात ओळखीवाचून काम मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे शशिकला यांची पुढची वाटचाल ठरविण्यात फाळणीचा वाटा बराच मोठा मानावा लागतो.

दुय्यम भूमिकांचे दशक

पुढील दहा-बारा वर्षे त्या मिळेल ते काम करीत राहिल्या. 'आरजू' (१९५०) मध्ये दिलीपकुमार व कामिनी कौशल यांच्यासोबत, व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) मध्ये आणि विजय आनंद यांनी प्रथमच दिग्दर्शित केलेल्या 'नौ दो ग्यारह' (१९५७) मध्ये त्या दिसतात. काही चित्रपटांत त्या नायिकाही होत्या, पण त्यांतून नायिका म्हणून त्यांचा जम बसला नाही. याच काळात ओमप्रकाश सैगल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. किशोरकुमार यांच्यासोबतचा 'करोडपती' (१९६१) हा घरच्या निर्मितीचा चित्रपट बरीच वर्षे रखडला आणि शेवटी अपयशी ठरला. त्यानंतर येतील त्या भूमिका स्वीकारणे हा केवळ आवडीचा प्रश्न उरला नाही.

बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मधील रमा ही या टप्प्यावरील सर्वांत महत्त्वाची भूमिका. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील अनाथ सुजाता ज्या घरात वाढते, त्या घरची सख्खी मुलगी म्हणजे रमा. ती अवखळ आहे, लाडावलेली आहे, पण सुजाताला मनापासून बहीण मानते. भेदभाव आई करते. मुलीला तो कळतही नाही. रमा दुष्ट असती तर कथा सोपी झाली असती. तिच्या निरागसतेमुळेच सुजाताचे एकाकीपण अधिक बोचते आणि शशिकला यांनी ही बाजू कोठेही ताणली नाही. बंगाली कथेवरील या चित्रपटात नूतन (सुजाता), सुलोचना (आई), ललिता पवार (आत्या) आणि शशिकला अशा चारही प्रमुख स्त्रीभूमिका मराठी अभिनेत्रींनी केल्या आहेत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

खलनायिका

फणी मुजुमदार दिग्दर्शित 'आरती' हा ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री संस्थेचा पहिला चित्रपट. त्यात मीनाकुमारी धाकटी सून, तर शशिकला थोरली सून जसवंती. आळशी, मत्सरी, चुगलखोर आणि सुखी घरात काडी लावणारी ही जाऊ प्रेक्षकांना आपल्या शेजारपाजारची वाटली. त्यापूर्वीची खलनायिका बहुधा नाचघरात किंवा गुन्हेगारांच्या अड्ड्यात असे. जसवंतीने तिला स्वयंपाकघरात आणून बसविले. पुढील अनेक कौटुंबिक चित्रपटांतील आणि दूरचित्रवाणी मालिकांतील कारस्थानी स्त्रियांचा वंश येथपर्यंत मागे नेता येतो.

बी. आर. चोप्रा यांच्या 'गुमराह' मधील लीला निराळ्या जातीची आहे. विवाहानंतरही पूर्वीच्या प्रियकराला भेटणाऱ्या मीनाला (माला सिन्हा) ती धमकावून पैसे उकळते. शेवटी उघड होते की ही स्त्री मीनाच्या पतीचीच (अशोककुमार) चिटणीस असून सारे त्याच्या सांगण्यावरून चालले होते. प्रेक्षकाला अखेरपर्यंत संशय येऊ न देण्याची कसोटी या भूमिकेत होती. सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार पहिल्यांदा उषा किरण यांना आणि १९६० मध्ये ललिता पवार यांना मिळाला होता. मराठी अभिनेत्रींच्या त्या परंपरेत शशिकला यांचे नाव दोनदा लागले.

या यशाची किंमतही होती. 'हरियाली और रास्ता' (१९६२), 'वक्त' (१९६५), 'फूल और पत्थर' (१९६६) अशा चित्रपटांतून त्यांच्याकडे श्रीमंत, पाश्चात्त्य वळणाची, नायकाला मोहात पाडणारी स्त्री वारंवार आली. दिग्दर्शकांनी त्यांच्या विनोदबुद्धीचा मात्र फारसा उपयोग केला नाही. 'जंगली' (१९६१) मधील नायकाची बहीण आणि हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनुपमा' (१९६६) मधील बडबडी, मोकळ्या मनाची ॲनी पाहिल्यास काय राहून गेले ते कळते. अबोल नायिकेच्या शेजारी ॲनी नसती, तर 'अनुपमा' पुष्कळच उदास झाला असता.

उत्तरायुष्य

१९७० नंतर आई, सासू, जाऊ अशा भूमिका येऊ लागल्या. 'खूबसूरत' (१९८०) हा त्यांतील उल्लेखनीय चित्रपट. मध्यंतरी त्या व्यवसायातून दूर झाल्या आणि कोलकात्यास मदर तेरेसा यांच्या संस्थेत राहून त्यांनी रुग्ण व निराधारांची सेवा केली. पुन्हा मुंबईस आल्यावर 'सोनपरी' आदी दूरचित्रवाणी मालिका, 'कभी खुशी कभी गम' (२००१) आणि 'मुझसे शादी करोगी' (२००४) या चित्रपटांत त्या दिसल्या. वयाच्या ८८ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.