ग्रंथालयाची नवी किल्ली

ग्रंथपालाच्या जुडग्यातील किल्ली आता कालबाह्य झाली, असे आपण सहज म्हणतो. परंतु तिच्या जागी आलेली नवी किल्ली विद्यार्थ्याच्या हाती पडावयास किती वर्षे लागली, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही.

प्रारंभाचा धागा पुण्याशी जुळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘इन्फ्लिबनेट’ हा ग्रंथालये जोडणारा प्रकल्प १९९१ मध्ये सुरू झाला, तो पुण्याच्या ‘आयुका’च्या छत्राखाली. (पुस्तकांच्या याद्यांचे हे मूल खगोलशास्त्रज्ञांच्या घरी रांगू लागावे, याची मला तरी मौज वाटते.) १९९६ मध्ये गुजरातेत त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्याच १९९१ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर-पौंडांत वर्गणी मागणारी परदेशी नियतकालिके आपल्या ग्रंथालयांना अधिकच जड झाली. तेव्हा एकत्र येऊन सौदा करावा, ही कल्पना गरजेतूनच निघाली. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘यूजीसी-इन्फोनेट’ची ई-नियतकालिके विद्यापीठांना खुली झाली.

खुली म्हणजे कशी? संगणक विद्यापीठाच्या जाळ्यातला आहे ना, एवढेच प्रकाशकाचे यंत्र पाही. वाचणारा कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आवाराच्या भिंतीत बसलेल्यास सारे मिळे. तोच विद्यार्थी गावातल्या खोलीवर गेला की पडद्यावर पैशांची मागणी उभी राही. कपाट गेले, कुंपण राहिले! आणि आपले बहुसंख्य विद्यार्थी तर विद्यापीठांत नव्हे, संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यासाठी ‘एन-लिस्ट’ योजना आली ती २०१० मध्ये. तिने विद्यार्थ्याला स्वतःचे नाव आणि परवलीचा शब्द दिला. माझ्या मते या साऱ्या कथेतील खरी क्रांती हीच.

तिची किंमत २०२० च्या टाळेबंदीत कळली. आवारे ओस पडली. घरून प्रवेश असणारे वाचू शकले, तेही तळहाताएवढ्या फोनवर, अक्षरे ताणून ताणून.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,००० कोटी रुपये. लाभ ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना. खाजगी विद्यापीठांतले विद्यार्थी तूर्त बाहेर. पूर्वी वर्गणी थांबली तरी जुने अंक फडताळात राहत. ही मंजुरी २०२७ अखेरपर्यंतची आहे.