महाविद्यालयीन वार्षिकांक (गोंदिया जिल्हा)

महाविद्यालयीन वार्षिकांक म्हणजे महाविद्यालयाने वर्षातून एकदा प्रसिद्ध केलेला, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या लेखनाचा अंक. अमेरिकेतील ईअरबुकात प्रत्येक विद्यार्थ्याच्या छायाचित्राला प्राधान्य असते. महाराष्ट्रातील वार्षिकांक मात्र निम्मा वाङ्मयीन नियतकालिक आणि निम्मा संस्थेचा अहवाल असतो. प्राचार्य हे मार्गदर्शक, भाषेचे प्राध्यापक संपादक आणि काही विद्यार्थी संपादक मंडळात, अशी त्याची रूढ रचना आहे.

==पार्श्वभूमी==
गोंदिया परिसरातील विद्यार्थ्यांना पूर्वी उच्च शिक्षणासाठी प्रामुख्याने नागपूर गाठावे लागे. तेथील हिस्लॉप (१८८३) व मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये एकोणिसाव्या शतकातील आहेत. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि महाविद्यालयीन शिक्षण या भागात रुजले. गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय ही तिची परिचित महाविद्यालये होत. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. जवळचे पद्मपूर हे त्या संस्कृत नाटककाराचे जन्मस्थान असल्याची स्थानिक धारणा त्यामागे आहे.

==भाषा==
विदर्भातील वार्षिकांकांत मराठी, हिंदी व इंग्रजी असे स्वतंत्र विभाग करण्याची प्रथा आहे. गोंदियात हिंदी विभाग ही केवळ औपचारिकता नव्हे. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रांतात व नंतर मध्य प्रदेशात होता, बालाघाट शेजारी आहे आणि शहराच्या बाजारपेठेची भाषा बऱ्याच अंशी हिंदी आहे. जे विभागांत दिसत नाही तेही ध्यानात घ्यावे लागते. पोवारी, गोंडी, हलबी किंवा झाडीबोली घरी बोलणारा विद्यार्थी अंकासाठी लिहिताना प्रमाण मराठीकडे वळतो. त्यामुळे सालेकसा-देवरीकडील मुलाची कविता वाचूनही त्याच्या घरची भाषा कोणती, हे कळेलच असे नाही. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांमुळे झाडीबोलीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळू लागली, ती बरीच उशिरा.

==काळाच्या खुणा==
वार्षिकांकाचे मुखपृष्ठ फाटले असले तरी त्याचा काळ अंदाजे ठरवता येतो. पत्त्यात ‘गोंदिया, जि. भंडारा’ असेल, तर अंक बहुधा १ मे १९९९ पूर्वीचा, कारण त्या दिवशी स्वतंत्र गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा उल्लेख असेल, तर तो २००५ मधील नामांतरानंतरचा. अनेक अंकांच्या शेवटी नियतकालिकाच्या मालकीचे निवेदन, म्हणजे ‘फॉर्म ४’, छापलेले असते. विद्यार्थी ते पान उलटून पुढे जातात. पण मुद्रकाचे नाव व गाव तेथेच सापडते आणि स्थानिक छापखान्यांच्या इतिहासासाठी ते मोलाचे ठरते.

छपाईच्या तंत्राने आशयही बदलला. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक छायाचित्रासाठी ब्लॉक करावा लागे. तो खर्चिक असल्याने मोजकीच छायाचित्रे घेतली जात: प्राचार्य, विद्यार्थी संघाचे पदाधिकारी, विजेता संघ. ऑफसेट आणि संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर छायाचित्रे वाढली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर आधारलेली विद्यार्थी परिषद आली, तेव्हा निवडून आलेल्या पुढाऱ्यांच्या जागी गुणवंतांची छायाचित्रे दिसू लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेमुळे (नॅक) उपक्रमांचे लेखी पुरावे आवश्यक ठरले आणि वार्षिकांकाकडेही पुराव्याच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. अहवाल फुगला की कथेची पाने घटतात, हा त्यातला तोटा.

==ऐतिहासिक साधन म्हणून==
संपादकीयांपेक्षा याद्या अधिक बोलक्या असतात. हुंडा, वृक्षारोपण, राष्ट्रीय एकात्मता हे निबंधांचे विषय पिढ्यान्‌पिढ्या टिकतात आणि त्यांतील मते सहसा शिक्षकांना रुचतील अशीच असतात. गुणवत्ता यादी, खेळाडूंची नावे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (स्थापना १९६९) शिबिरार्थींची नोंद यांना असा संकोच नसतो. बिसेन, पटले, रहांगडाले, तुरकर ही पोवार समाजात आढळणारी आडनावे, किंवा उईके, मडावी ही गोंड समाजातील आडनावे कोणत्या वर्षापासून आणि किती वेळा येतात, त्यांत मुलींची नावे किती, हे मोजता येते. केवळ आडनावावरून समाज निश्चित करणे मात्र धोक्याचे आहे. अशा मोजणीला प्रवेश नोंदवह्यांची जोड हवी. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या कित्येकांचे एकमेव छापील लेखन याच अंकांत असते.

==जतन==
हे अंक बहुधा महाविद्यालयाच्या परिवारातच वाटले जातात आणि पुस्तकांच्या दुकानात येत नाहीत. ग्रंथालयाने वर्षानुवर्षांचे अंक बांधून ठेवले नाहीत तर ते रद्दीत जातात. जुना कागद पिवळा पडून तुकडे होतो. संगणकावर तयार झालेल्या अंकांची अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेल्या मजकुराची पीडीएफ उघडते, पण तीत नाव टाकून शोध घेता येत नाही. टाळेबंदीच्या काळात केवळ पीडीएफ रूपात निघालेले अंक महाविद्यालयाचे संकेतस्थळ बदलले की दिसेनासे होऊ शकतात. म्हणून या अंकांचे चित्रांकन करताना मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि निदान अनुक्रमणिका व नावांच्या याद्या आधी टंकून घेणे उपयुक्त ठरते.