धाव, डनलप आणि बागेतला छोटा ट्रॅक्टर

तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात जुने छोटे ट्रॅक्टर अजून पुष्कळ फिरतात. वीस-पंचवीस वर्षं झाली तरी इंजिन गुरगुरतं, गिअर पडतात. मालक ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, डिझेल गाळून घालतो. चाकाकडं मात्र पंक्चर झाल्याशिवाय बघत नाही. आणि टायर बदलायची वेळ आलीच तर दुकानात जाऊन नक्षी किती उंच ते बघतो, भाव पाडून मागतो आणि घेऊन येतो. आत हवा किती ठेवायची हे विचारणारा माणूस मी क्वचितच बघितला. चाकाची जुनी हकिकत लिहायला बसलो ती यासाठीच. रबर ही नुसती पिशवी आहे, काम करते ती हवा. हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली, आणि आपण ते विसरायला लागलोय.

आमच्या लहानपणी गाडीचं चाक बाभळीचं. मधे तुंबा, तुंब्यात आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर लोखंडी धाव. धाव बसवणं म्हणजे सुतार आणि लोहार दोघांचं काम. धाव चाकाच्या घेरापेक्षा जरा कमीच ठेवायची, भोवती शेणकुटं रचून लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची, घण मारायचे आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळलं की सगळं चाक कुरकुरायचं, आरे तुंब्यात घट्ट बसायचे. उन्हाळ्यात लाकूड वाळलं की धाव सैल व्हायची, मग चाक ओढ्यात भिजत घाल नाहीतर पाचरी ठोक. अशा चाकाला दुखणं एकच. ते रुंदीला दोन-अडीच बोटं, म्हणून सगळं ओझं तेवढ्याशाच पट्टीवर. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घातली की तुंब्यापर्यंत रुतायची. रस्त्याला ज्या दोन खोल खाचा पडायच्या त्यांनाच चाकोरी म्हणायचे. हल्ली हा शब्द लोक भाषणात वापरतात, आम्ही त्यात बैल घसरताना बघितलेत.

हवेचं चाक शोधलं ते एका जनावरांच्या डॉक्टरनं, हे मला फार आवडतं. जॉन बॉइड डनलप हा मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टला जनावरं तपासायचा. पोराच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर फार हादरे बसतात म्हणून 1888 साली त्यानं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बांधली. त्याच्याही आधी, 1845 साली, थॉमसन नावाच्या माणसानं अशाच चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. डनलपचं चाललं. पुढं त्याच नावाच्या कंपनीनं 1936 साली बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला, आणि आपल्याकडं रबरी चाकाच्या बैलगाडीला लोक डनलपच म्हणायला लागले, मग टायर कुठल्या का कंपनीचं असेना. त्याच बैलजोडीनं कितीतरी जास्त ऊस कारखान्यावर जायला लागला. बैलाला त्याचा फायदा किती आणि तोटा किती, तो हिशेब वेगळा आहे.

शेतातल्या ट्रॅक्टरला मात्र रबर उशिरा लागलं. अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर भराभर वाढले, पण चाकं लोखंडी, त्यावर मोठमोठे दाते. रानात ओढ चांगली, पण ड्रायव्हरची हाडं खिळखिळी, आणि डांबरी सडकेवर असली चाकं चालवू देत नव्हते. अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनं रबर लावून बघायचं ठरवलं. आधी ट्रकचे टायर लावले, सत्तर पौंडाच्या आसपास हवा भरून. ते दगडासारखे कडक, शेतात कामाचे नाहीत. मग फायरस्टोन कंपनीचे विमानाचे टायर आणले आणि हवा ठेवली फक्त पंधरा पौंडाच्या आसपास. तेव्हा गाडी चालली. 1932 साली विस्कॉन्सिन राज्यात एका शेतावर असा ट्रॅक्टर जुंपला. रबर दोन्ही वेळा होतंच, फरक हवेचा होता.

लोकांचा विश्वास बसेना. रबर नांगराला तग धरणार नाही, असं शेतकरी म्हणायचे. मग कंपनीनं जत्रांमधून ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. मोटारींच्या शर्यतीत नाव काढलेला बार्नी ओल्डफील्ड 1933 साली ट्रॅक्टरवर बसला आणि ताशी चौसष्ट मैलांच्या वेगानं पळवला. शेतीला त्या वेगाचा काही उपयोग नाही, पण जत्रेत बघितलेलं माणूस विसरत नाही. 1940 सालापर्यंत तिकडं नवीन ट्रॅक्टर बहुतेक रबरावरच निघायला लागले. पुढं युद्धात जपाननं मलाया घेतला, रबर मिळेना, तेव्हा काही ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकावर विकावे लागले.

आपल्याकडं मोठे ट्रॅक्टर आले ते रबरावर बसूनच, त्यामुळं ही सगळी झटापट आपण बघितलीच नाही. छोटा ट्रॅक्टर त्याच्याही नंतरचा. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीनं 1967 पासून जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्यानं पॉवर टिलर काढले, आणि पुढं 18.5 हॉर्सपॉवरचा शक्ती ट्रॅक्टर आणला. रुंदीला जेमतेम चार फूट. मांडवाच्या दोन ओळींतून सहज जातो म्हणून द्राक्षवाल्यांनी तो उचलून धरला. पुढं 5.20-14 आणि मागं 8.00-18 असे टायर. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा इंचात, दुसरा रिमच्या व्यासाचा. मोठ्या ट्रॅक्टरच्या टायरवर कधीकधी 12.4/11-28 असं लिहिलेलं दिसतं, त्यानं बावचळायचं नाही. 11-28 हे जुनं माप, 12.4-28 हे त्याच टायरचं नवं नाव. जुन्या गाडीच्या पुस्तिकेत एक आणि दुकानात दुसरं दिसलं म्हणून रिम बदलणारे लोक मला माहीत आहेत.

आता मुद्द्याचं. चाक जमिनीवर साधारण तेवढ्याच दाबानं टेकतं, जेवढा दाब आतल्या हवेचा असतो. हवा कमी तर टायर पसरतो, ओझं जास्त जागेवर वाटलं जातं. हवा जास्त तर टायर गोल फुगतो आणि मधल्या पट्टीवरच उभा राहतो, धावेसारखा. पंक्चरवाल्याकडं गेलं की तो जीपच्या सवयीनं तीस-पस्तीस मारतो आणि मालक टायर ठोकून बघतो, "हां, आता टणक झाला" म्हणतो. मी एकदा आमच्या पंक्चरवाल्याला म्हटलं, "भावा, पुस्तिकेत दिलीय तेवढीच भर." तर तो म्हणतो, "दादा, बसलेला दिसंल की, लोक मला नावं ठेवतील."

द्राक्षबागेत हे महागात पडतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनीच्या भीतीनं दुसऱ्या दिवशी फवारणी करावीच लागते. रान ओलं आहे, वाफसा नाही, तरी ब्लोअर आत घालायचा. थांबावं तर घड जातो. टाकीत पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो नुसतं पाणीच. आणि ओळीत जायला जागा एकच, त्यामुळं हंगामभर चाक त्याच दोन पट्ट्यांवरून. काही वर्षांत तिथं जमीन अशी बसते की टिकाव उसळतो. पाणी साचतं, पांढरी मुळी त्या बाजूला जात नाही, वेल बोदावरच्या मुळीवर जगतो. मग आपण खतं वाढवतो, औषधं वाढवतो. बागेत पुन्हा चाकोरी पडलीय, फक्त ती रबरानं पाडलीय. यात ब्लोअरची चाकंही आली. ती लहान, कडक, आणि टाकीचं ओझं त्यांच्यावर. ट्रॅक्टरच्या टायरचा विचार करणारासुद्धा त्यांना विसरतो.

पण हवा कमी म्हणजे वाटेल तेवढी कमी नव्हे. अगदी उतरवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून कातरतो. व्हॉल्व्ह सरळ असायला हवा. तिरका दिसला की टायर सरकायला लागलाय असं समजा आणि त्याच दिवशी बघा. कडेला आडव्या चिरा पडत असतील तर तेही हवा कमी असल्यानं किंवा गाडी कायम उन्हात उभी राहिल्यानं. जुन्या रिमला व्हॉल्व्हच्या भोकापाशी आतून गंज धरतो, विशेषतः ओढीसाठी टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर. त्या गंजानं ट्यूब परतपरत पंक्चर होते आणि लोक काट्याला दोष देतात. टायर उतरवला की रिम घासून रंग लावणं हे दोन तासांचं काम आहे. पाणी नांगरटीला ठीक, ओढ वाढते. नुसत्या फवारणीच्या ट्रॅक्टरला ते कशाला? ते ओझं पुन्हा त्याच चाकोरीवर.

नवा टायर घेताना नक्षीच्या उंचीवर जाऊ नका. बागेत फार उंच दात्यांची गरज नसते, ते वळताना गवत आणि माती उपटून काढतात. कडेचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवाच दिसतो, पण रबर म्हातारं झालेलं असतं. जास्त प्लायचा घेतला म्हणजे दणकट मिळाला असं वाटतं, पण त्याची कड ताठ, पसरायला तयार नसते. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या-मागच्या टायरांची पुस्तिकेत दिलेली जोडी मोडून वेगळ्या मापाचे जोडू नका, आतली गिअरपेटी झिजते. आणि बसवताना दिशा बघा. मागून पाहिलं तर दात्यांचं टोक वर दिसलं पाहिजे. जमिनीवर उमटलेली टोकं गाडी आली त्या बाजूला असतात, गेली त्या बाजूला नाही. उलटा बसवला तर टायर चिखल बाहेर टाकत नाही, पोटात घेतो.

भाताच्या चिखलणीला अजून लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, ते योग्यच आहे, तिथं जमीन कालवायचीच असते. बागेत कालवायची नसते. आमच्याकडं आता दोन-चार पोरांनी स्वतःचं हवा मोजायचं गेज घेतलंय. फवारणीला जाताना कमी, रस्त्यानं गाडी भरून जायची असेल तर पुस्तिकेप्रमाणं वाढवून, असं ते करतात. पंक्चरवाला अजून हसतो, पण त्यांच्या टायरला हात लावायच्या आधी आता विचारतो, "किती भरू?"