तांत्रिक भग्नजहाज डायव्हिंग

तांत्रिक भग्नजहाज डायव्हिंग म्हणजे हौशी स्कूबा डायव्हिंगच्या साधारण ४० मीटर खोलीच्या मर्यादेपलीकडे असलेल्या किंवा आतून बंदिस्त असलेल्या बुडीत जहाजांवर केले जाणारे डायव्हिंग होय. यात अडचण आली तरी पाणबुड्याला थेट पृष्ठभागावर येता येत नाही. त्यामुळे त्याची सुरक्षितता मुख्यतः पूर्वनियोजनावर अवलंबून असते.

वायू आणि दाब

पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. ६० मीटरवर तो सुमारे सात वातावरणे होतो. अशा दाबाखाली हवेतील नायट्रोजनमुळे गुंगी येते आणि ऑक्सिजन विषारी ठरू शकतो. म्हणून ऑक्सिजन, नायट्रोजन व हेलियम यांचे ‘ट्रायमिक्स’ हे मिश्रण वापरतात. वर येताना ठरावीक खोल्यांवर थांबून शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडू द्यावा लागतो. शुद्ध ऑक्सिजन सहसा सहा मीटर किंवा त्याहून कमी खोलीवरच वापरला जातो.

जहाजात शिरताना मार्गदर्शक दोरी सोडत जातात, कारण गाळ ढवळला गेला की दिशा समजत नाही. उपलब्ध वायूचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेला आपत्कालीन राखीव साठा, असा संकेत आहे.

परदेशातील मोहिमेचे नियोजन

स्थळ निवडल्यावर तेथे हेलियम व ऑक्सिजन मिळतो का, सिलिंडरच्या झडपा स्वतःच्या उपकरणांशी जुळतात का आणि जवळचा पुनर्दाबन कक्ष किती दूर आहे, हे तपासावे लागते. डायव्हिंगचा समावेश असलेला विमा आणि स्थानिक परवानेही आवश्यक असतात. शेवटच्या डीकंप्रेशन डायव्हनंतर विमानप्रवासापूर्वी किमान २४ तासांचे अंतर ठेवण्याची प्रथा आहे.

मायक्रोनेशियातील चूक लगून (१७–१८ फेब्रुवारी १९४४ च्या हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजे) आणि स्कॉटलंडमधील स्कापा फ्लो (२१ जून १९१९ रोजी स्वतःच बुडवलेले जर्मन आरमार) ही प्रसिद्ध स्थळे आहेत. दोन्हीकडे वस्तू उचलण्यास कायद्याने बंदी आहे. युद्धात बुडालेली अनेक जहाजे मृतांची समाधिस्थळेही मानली जातात.

गोवा आणि कोकण

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील पोर्तुगीजकालीन जहाजाच्या अवशेषांचा अभ्यास केला. तेथे तोफा, हस्तिदंत व चिनी मातीची भांडी सापडली. सेंट जॉर्ज खडकाजवळ बासेल मिशनच्या कारखान्यातील कौले आढळली. ही स्थळे उथळ असल्याने तेथे तांत्रिक डायव्हिंगची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्ली येथे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी नौदलातून निवृत्त झालेले ‘आय.एन.एस. गुलदार’ हे जहाज २०२५ मध्ये महामंडळाकडे सोपवण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळच्या समुद्रात त्याचे पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची योजना आहे.