हेलिकॉप्टरसाठी बदललेलं जहाज : निलगिरी ते गोदावरी

मंडळी, समुद्र आपल्या कंधारपासून फार लांब. तरी आजच्या विषयाशी आपलं एक नातं आहे. आपल्या मन्याडचं पाणी शेवटी ज्या गोदावरीला मिळतं, तिच्याच नावाची एक युद्धनौका होती. ती तशी का बांधावी लागली, ते आज पाहू.

सुरुवात 9 डिसेंबर 1971 पासून करावी लागते. त्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं आपली ‘खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पाणबुडी वेळेत सापडायला हवी होती, पण अडचण पाण्यातच आहे. अरबी समुद्रात वरचा थर उबदार, खालचा थंड. दोन थरांच्या सीमेवर आवाजाची लाट वाकते. जहाजाच्या तळाचं सोनार वरून ऐकतं आणि पाणबुडी खालच्या थरात लपते.

यावर उपाय होता सी किंग हेलिकॉप्टर. ते पाण्यावर स्थिर राहून तारेनं सोनार खालच्या थरात सोडतं आणि पाणबुडी सापडली की टॉर्पेडोही टाकतं. त्यांचं पथक 1971 मध्येच उभं राहिलं होतं. पण हे हेलिकॉप्टर फ्रिगेटवर ठेवायचं कुठं?

तेव्हा मुंबईच्या माझगाव गोदीत ब्रिटिश लिएंडर आराखड्यावर फ्रिगेट बांधली जात होती. पहिली ‘निलगिरी’, 1972 ची. तिची डेक छोट्या हेलिकॉप्टरसाठी आखलेली. चेतक भरलेलं असलं तरी सव्वादोन टनांच्या आत. सी किंग साडेनऊ टनांच्या घरात. त्याच्या पंख्याचा घेर जवळपास 19 मीटर आणि जहाजाची रुंदी 13! म्हणजे बैलाच्या गोठ्यात ट्रॅक्टर घालायचा, असा प्रकार.

मालिकेतल्या शेवटच्या दोन जहाजांवर, ‘तारागिरी’ (1980) आणि ‘विंध्यगिरी’ (1981) यांच्यावर, हे जमवलं. मागच्या बाजूची पाणबुडीविरोधी लिंबो तोफ काढली, डेक वाढवली, मागेपुढे सरकणारं हँगर बसवलं. पंखे आणि शेपूट दुमडून हेलिकॉप्टर आत जाई. राहिला प्रश्न हलत्या जहाजावर उतरण्याचा. तिथं कॅनडाची ‘बेअर ट्रॅप’ पद्धत कामी आली. हेलिकॉप्टरमधून बारीक तार खाली येते, तिला जहाजाची जाड तार जोडून वर नेतात. मग विंच ती ताणून धरतं आणि हेलिकॉप्टर त्या ताणावर सावकाश खाली येतं. डेकवरचा सापळा त्याला पकडतो आणि तोच त्याला हँगरकडे नेतो.

पण हे जुन्या घराला काढलेलं दालन झालं. एकच सी किंग मावे आणि त्यासाठी एक शस्त्र गमवावं लागलं. म्हणून आपल्या आरेखकांनी लिएंडरची वाफेची यंत्रणा ठेवून जहाजच लांब-रुंद केलं. 10 डिसेंबर 1983 रोजी ‘गोदावरी’ नौदलात दाखल झाली. तिच्यावर दोन सी किंग राहू शकत. 2015 पर्यंत ती सेवेत होती.

हा प्रश्न संपलेला नाही. 2020 मध्ये अमेरिकेशी 24 एमएच-60आर हेलिकॉप्टरांचा करार झाला. त्यांचं पहिलं पथक मार्च 2024 मध्ये कोचीला दाखल झालं. तीही आधीच बांधलेल्या जहाजांवर बसवायची आहेत. जहाज तीसेक वर्षं टिकतं, हेलिकॉप्टर मध्येच बदलतं. म्हणून आज जहाज आखताना उद्याच्या हेलिकॉप्टरासाठी जागा सोडावी लागते. तारागिरी-विंध्यगिरीनं हा धडा दिला, गोदावरीनं तो अमलात आणला.